दाताच्या एक्स-रेत हाडही पाहा

महोदय,

दात दुखू लागला की एक्स-रे निघतो, कीड कुठवर पोचली ते पाहिले जाते आणि फिल्म पाकिटात जाते. त्याच फिल्मवर जबड्याचे हाडही असते. संप्रेरके तयार करणाऱ्या ग्रंथी बिघडल्या तर त्याच्या खुणा या हाडात उमटू शकतात, पण दाताच्या घाईत त्या नजरेतून सुटतात.

सर्वांत महत्त्वाचा आजार पॅराथायरॉइड ग्रंथींचा, म्हणजे मानेत थायरॉइडच्या मागे असणाऱ्या छोट्या ग्रंथींचा. त्यांचा पीटीएच (पॅराथायरॉइड हार्मोन) हा स्राव वाढला की हाडातले कॅल्शियम निघून रक्तात जाऊ लागते. निरोगी दाताच्या मुळाभोवती बारीक पांढरी रेघ दिसते, ती लॅमिना ड्युरा. एकाच दाताभोवतीची रेघ तुटली असेल तर बहुधा त्या दातालाच संसर्ग असतो. सगळ्याच दातांभोवतीची पुसट झाली असेल तर रक्त तपासायलाच हवे. हाडाची जाळी विरून ते दुधी काचेसारखे दिसते, खालच्या जबड्याची कड पातळ होते. दातांतले कॅल्शियम मात्र जात नाही, म्हणून विरळ झालेल्या हाडात दात जास्तच उठून दिसतात.

याच आजारात जबड्यात ‘ब्राउन ट्यूमर’ नावाची गाठ होऊ शकते आणि एक्स-रेवर ती गळूसारखी काळी दिसते. इथे घात होतो. चांगल्या, जिवंत दाताचे रूट कॅनाल होते, नाहीतर गाठ कापून काढली जाते. बायोप्सीनेही उलगडा होत नाही, कारण सूक्ष्मदर्शकाखाली ती जायंट सेल ग्रॅन्युलोमा या जबड्यातल्या दुसऱ्या गाठीसारखीच दिसते. म्हणून आधी थंड लावून दात जिवंत आहे का ते बघावे. बायोप्सीत जायंट सेल (अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी) आल्या, तर मोठी शस्त्रक्रिया ठरवण्यापूर्वी रक्तातले कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन आणि पीटीएच तपासावे. मूळ आजारावर उपचार झाले की ही गाठ बऱ्याचदा आपोआप आक्रसते. किडनीच्या जुनाट आजारातही पीटीएच वाढतो, त्यामुळे डायलिसिसवरच्या रुग्णांबाबत जास्तच सावध राहायला हवे.

उलट बाजूही सांगायला हवी. हाडातले साधारण 30 ते 50 टक्के खनिज गेल्याशिवाय साध्या एक्स-रेवर फरक कळत नाही. लॅमिना ड्युरा शाबूत दिसली म्हणून आजार नाही, असे म्हणता येणार नाही. एक्स्पोजर जास्त झाले तरी हाड विरळ वाटते, पण तेव्हा दातही काळपट दिसतात. शंका आली तर जुन्या ओपीजीशी (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेशी) ताडून पाहावे.

प्रौढ माणसाचा खालचा जबडा वाढत जाऊन दातांत फटी पडू लागल्या, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडे लक्ष द्यावे. लहान मुलांमध्ये थायरॉइड मंद असेल तर दात उशिरा येतात, जास्त असेल तर लवकर. पाळी थांबल्यानंतर ओपीजीवर मेंटल फोरामेनच्या (खालच्या जबड्यातून नस बाहेर येते त्या छिद्राच्या) खाली जबड्याच्या कडेची जाडी 3 मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर हाडांची घनता तपासायला पाठवावे.

मुतखडे वारंवार होत असतील, डायलिसिस किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असेल, तर रुग्णांनी हे दंतवैद्यांना न विचारताच सांगावे आणि जुन्या फिल्म जपून ठेवाव्यात. दंतवैद्य आणि रेडिओलॉजिस्ट यांना आमची विनंती आहे की प्रत्येक ओपीजीच्या अहवालात लॅमिना ड्युरा, हाडाची जाळी आणि जबड्याची खालची कड यांविषयी एक ओळ जरूर लिहावी.

– दंतवैद्यकातील काही डॉक्टर