यंत्रसामग्री : निरंक

महोदय,

अर्धवाहकांतील इलेक्ट्रॉनच्या स्पिनवर, म्हणजे त्याला छोट्या चुंबकासारखे वागवणाऱ्या अंगभूत गुणधर्मावर, चालणाऱ्या सैद्धांतिक संशोधनाची ‘कागदावरची करमणूक’ अशी संभावना करणारा लेख कालच्या अंकात वाचला. लेखकमहाशयांना यंत्राची घरघर ऐकू आल्याशिवाय विज्ञान घडल्यासारखे वाटत नसावे.

विद्युतप्रवाह वाहत असताना विरुद्ध स्पिनचे इलेक्ट्रॉन पट्टीच्या समोरासमोरच्या कडांना जमतील, हे द्याकोनोव्ह आणि पेरेल या भौतिकशास्त्रज्ञांनी १९७१ साली निव्वळ गणिताने मांडले. गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकात ते प्रत्यक्ष दिसायला २००४ साल उजाडले. काही नॅनोमीटर जाडीच्या थरात कोंडलेल्या इलेक्ट्रॉनचा स्पिन, रश्बा परिणामामुळे (विद्युतक्षेत्राचा धावत्या इलेक्ट्रॉनच्या स्पिनवर होणारा परिणाम), केवळ गेटच्या, म्हणजे प्रवाह नियंत्रित करणाऱ्या अग्राच्या, व्होल्टेजने वळवता येईल आणि त्यावर ट्रान्झिस्टर बेतता येईल, ही सुप्रियो दत्ता आणि विश्वजित दास यांची १९९० मधली कल्पनाही आधी कागदावरच उतरली होती. करमणूकच ती!

याच विषयातील गणितासाठी मी नागपुरात अध्यापक असताना अनुदान मागितले होते. अर्जातील ‘यंत्रसामग्री’ या रकान्यात ‘निरंक’ लिहून मी फक्त संगणक, काही पुस्तके आणि प्रवासखर्च मागितला. भर मे महिन्यात, एकुलत्या एका कूलरसमोर बसलेल्या समितीच्या अध्यक्षांनी त्या रकान्यावर पेन आपटत मोठ्या आपुलकीने सुचवले, ‘‘सर, काहीतरी घ्या ना, निदान एक ऑसिलोस्कोप तरी टाका.’’ मी टाकला नाही आणि अर्ज परत आला. त्याच बैठकीत दुसऱ्या विभागाला मंजूर झालेला ऑसिलोस्कोप मात्र मी निवृत्त झालो त्या दिवशीही थर्माकोलसकट खोक्यात होता, आणि साठा नोंदवहीत त्याची दरवर्षी ‘सुस्थितीत’ अशी नोंद होत होती, जी अर्थातच खोटी म्हणता येणार नाही.

जाता जाता लेखासोबतच्या चित्राविषयी. त्यात इलेक्ट्रॉन स्वतःभोवती गरगरणाऱ्या चेंडूसारखा रंगवला आहे. तो खरोखरच असा फिरत असता, तर त्याच्या पृष्ठभागाला प्रकाशाहूनही अधिक वेगाने धावावे लागले असते, ही अडचण १९२५ मध्ये स्पिनची कल्पना पुढे आली तेव्हाच भौतिकशास्त्रज्ञ लोरेंट्झ यांनी दाखवून दिली होती. पाव पान व्यापणारे ते रंगीत चित्र छापण्यापूर्वी आपल्या कार्यालयाने शहरातील बी.एस्सी.च्या एखाद्या विद्यार्थ्याला दाखवले असते, तर खुलासा छापण्याची वेळ आली नसती. तो खुलासा आपण छापालच, असे मी गृहीत धरतो.

आपला,
एक निवृत्त अध्यापक,
धरमपेठ, नागपूर