काडेपेटीतली काच

शनिवार पेठेतल्या घड्याळवाल्या काकांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही काडेपेटीत घालून परत दिलेली काच काल माझ्या प्लॅस्टिकच्या मॉडेल विमानावर बसली. उजेडासमोर धरली की आतली सीट आणि तिचे पट्टे स्वच्छ दिसतात, आणि चौकटीची एकही कड झिजलेली नाही. हे चारचौघांत लिहायचं कारण म्हणजे याच काचेबद्दल आधी दोन ठिकाणी ‘फेकून द्या’ असं ऐकून घ्यावं लागलं होतं.

त्यातलं एक दुकान तर खास मॉडेलवाल्यांचं. जोडणीचे वेगळे पैसे घेऊन त्यांनीच ही काच सुपरग्लूने चिकटवली, तीही ऐन जुलैत. सुपरग्लूची वाफ निघते, ती हवेतल्या ओलाव्याने पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी होऊन बसते, आणि पुण्याच्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा! कॅनॉपीला, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या या काचेला, पांढरा फेविकॉल लावतात. सुकला की दिसत नाही, जास्त झाला तर ओल्या बोळ्याने पुसून निघतो. हे काउंटरमागच्याला ठाऊक नव्हतं, चालायचंच. पण ‘काच सुटी मिळत नाही, नवीन किट घ्या’ हे त्याने मोबाइलमधून मान वर न करता सांगितलं, ते लागलं.

तुम्ही मॉडेलं करत नाही. विमान कुठलं तेही विचारलं नाहीत. (हॉकर हरिकेन, १/४८, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्श्याएवढं. खऱ्याचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ४० फूट, म्हणून याचे १० इंच.) डोळ्याला भिंग लावलंत, नखाने हलकेच खरवडून पाहिलंत आणि म्हणालात, ‘वरवरचंय. एचएमटीच्या काचेसारखंच.’

हरिकेनच्या सरकत्या कॅनॉपीवर उभ्याआडव्या पट्ट्यांची जाळी असते. सरसकट घासलं तर पांढरेपणाबरोबर पट्ट्याही जातात आणि रंगवायला कडच उरत नाही. तुम्ही एक खिडकी स्वतः घासून दाखवलीत. बाकीच्यांसाठी काडेपेटीत काचेशेजारी वॉटरपेपरचे तुकडे ठेवलेत, बरोबर त्या खिडक्यांच्या रुंदीला कापलेले, आइसक्रीमच्या काडीच्या चिरफळ्यांवर चिकटवलेले. पाठीवर पेन्सिलीने कागदाचे नंबर: १५००, २०००, ३०००, आकडा मोठा तितका कागद बारीक. आणि १५००च्या खाली एकच शब्द: ‘पाणी’.

काका, त्या एका शब्दावर सगळं होतं. कॅनॉपीचं पॉलिस्टायरीन घड्याळाच्या अ‍ॅक्रिलिकपेक्षा मऊ. कोरडं घासलं की तापतं, भुसा कागदाखाली अडकतो आणि १५००चा कागद असूनही खोल चरे पाडतो. पाण्याच्या थेंबाबरोबर तो वाहून जातो. पहिला हात उभा, २०००चा आडवा, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते लगेच कळतं. मग ३०००, आणि शेवटी जुन्या बनियनच्या चिंधीवर पांढरी टूथपेस्ट. जेलवाली चालत नाही. आतल्या गोलाईत काडी शिरत नव्हती, तिथे कागद पेन्सिलीच्या रबराला गुंडाळावा लागला. त्यानंतर पारदर्शक ग्लॉसमध्ये, म्हणजे चकचकीत वार्निशमध्ये, एक बुडी, खालच्या कडेचा थेंब टिश्यूने टिपायचा आणि धूळ बसू नये म्हणून रात्रभर वाटीखाली झाकून ठेवायचं.

पुढचं सरळ होतं. चौकटींवर आधी कॉकपिटचा करडा-हिरवा, मगच बाहेरचा रंग, म्हणजे आतून पाहिलं तर पट्ट्या आतल्याच रंगाच्या दिसतात. विमान दुसऱ्या महायुद्धातल्या बर्मा आघाडीचं आहे. १९४४ साली इम्फाळला भारतीय हवाई दलातल्या अर्जन सिंग यांच्या १ नंबर स्क्वाड्रनकडे हरिकेनच होती. या आघाडीवर आपल्या बाजूच्या विमानांवरच्या ओळखीच्या वर्तुळातला लाल ठिपका काढून टाकला होता, जपानी लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून. किटमधली लाल ठिपक्याची डिकल, म्हणजे चिकटवायचं छापील चित्र, त्यामुळे बाजूला. निळी वर्तुळं आधी ग्लॉस मारूनच लावली. मॅटवर, म्हणजे बिनचमकेच्या रंगावर, लावली की खाली हवा राहते आणि चंदेरी डाग दिसतात. शेपटीकडचा अर्धा सांगाडा खऱ्या विमानात कापडाने मढवलेला, तिथे पत्र्याचे सांधे नाहीतच, तरी लोक काळा वॉश (पातळ केलेला रंग) ओतून रेघा उठवतात. तेवढा मोह आवरला.

त्या तुकड्यांचे किती द्यायचे, असं विचारल्यावर तुम्ही हसलात आणि पुढचं घड्याळ उघडलंत. दुसऱ्याची दीड इंचाची वस्तूही दोन बोटांत जपून धरणारी माणसं असतात, यावर इतकं हरखून जावं लागतं हेच मुळात विचित्र आहे. दुकानाला पाटी नाही, लाकडी जिन्याखाली जेमतेम एक स्टूल मावतं, आणि तिथे काचेला ‘फेकून द्या’ हा शब्द निघाला नाही.

शेवटचा मॅट कोट अजून द्यायचा आहे. या दमट हवेत मारला तर पांढरा पडेल, म्हणून पावसाने चार दिवस उघडीप दिली की मगच. तो सुकला की विमान तुम्हाला दाखवायला आणतो. काडेपेटीही परत आणतो. ३०००चा तुकडा अर्धाच वापरलाय, तो आतच आहे. एखादी एचएमटी त्यावर सहज निघेल.