लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म चेकर काकांना

नमस्कार काका,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात गोणपाटात गुंडाळलेले दोन गंजके डबे घेऊन आलेली बाई तुम्ही विसरला नसाल.

आजोबांची टुरिंग टॉकीज होती. माणदेशातल्या जत्रा धरून त्यांचा तंबू हिंडायचा. ते गेल्यावर डबे चाळीस वर्षं माळ्यावर पडले होते. त्यातला एक उघडला की आंबूस भपका यायचा. आईला वाटायचं, उंदीर मेलाय. खरं सांगते, मी लॉटरीचं तिकीट घेऊन आल्यासारखी आले होते.

तुम्ही झाकण काढलंत, जरा वास घेतलात आणि काही बोलायच्या आधी तो डबा उचलून पलीकडच्या टेबलावर नेऊन ठेवलात. 'व्हिनेगर सिंड्रोम.' अ‍ॅसिटेटची फिल्म उष्ण, दमट हवेत राहिली की तिच्यातूनच आम्ल सुटतं आणि त्याची वाफ शेजारच्या चांगल्या रिळालाही लागते, हे तेव्हा कळलं. मग सुती हातमोजे घालून तुम्ही हातभर पट्टी ओढलीत आणि नव्या फिल्मच्या तुकड्याशेजारी धरलीत. कडेची भोकं सुरुवातीला जुळली, पुढे सरकत गेली. पट्टी आकसली होती. हजार फूट रीळ, पडद्यावरची अकरा मिनिटं, आता प्रोजेक्टरच्या दात्यांवर बसणार नव्हतं. दुसरं रीळ ठणठणीत निघालं, पण त्या सिनेमाची बरी प्रत तुमच्याकडे आधीच होती.

माझा चेहरा पडला असणार. तुम्ही चहा मागवलात आणि नायरसाहेबांबद्दल बोलत बसलात. संग्रहालय 1964 चं, ते नावारूपाला आणणारे पी. के. नायर पुढच्या वर्षी आले. अंधारात बॅटरीच्या उजेडात टिपणं काढत सिनेमा बघणारा माणूस. फाळक्यांच्या घरून तुकडे मिळवून त्यांनी 1919 चा 'कालिया मर्दन' वाचवला, म्हणून फाळक्यांची मुलगी मंदाकिनी आजही कृष्ण होऊन नाचताना दिसते. आणि नुसतं कुलपात ठेवलं नाही, कर्नाटकातल्या हेग्गोडूसारख्या खेड्यातही जगभरचे सिनेमे नेऊन दाखवले. (आजोबांचं आणि त्यांचं जमलं असतं.) त्याच काळात फिल्ममधल्या चांदीसाठी किती रिळं विकली गेली, तेही सांगितलंत. 'आलम आरा'ची, 1931 च्या आपल्या पहिल्या बोलपटाची, एकही प्रत हाती नाही. उरलेत ते फोटो आणि कागद.

'कागद' म्हणताना तुमची नजर माझ्या पिशवीकडे गेली. डबे वाजू नयेत म्हणून मी मध्ये जुन्या गाण्यांच्या चोपड्या कोंबल्या होत्या! आजोबा तंबूच्या दाराशी विकायचे त्या. तुम्ही एकेक काढून तळहाताने सपाट केलीत. कलाकार कोण, गाणी कुणाची, कथेचा सारांश, सगळं त्यात. सिनेमा गेला की एवढाच पुरावा उरतो, म्हणालात. एकीच्या मागे शिसपेन्सिलीचा गिचमिड मजकूर होता. मी रुमालाने पुसायला गेले आणि तुम्ही माझा हातच धरलात. 'अहो, राहू द्या!' आजोबांचं अक्षर: जमीन दोन आणे, खुर्ची चार आणे, पाऊस, खेळ बंद. तुम्ही ते जसंच्या तसं नोंदीत उतरवून घेतलंत.

नुसती पावती देऊन मला वाटेला लावलं असतंत तरी चाललं असतं. त्या दुपारबद्दल मनापासून आभार.

तुम्ही पाठवलेली स्कॅन आईने मोबाईलवर मोठी करकरून वाचली. दोन गाणी तर चालीसकट म्हणून दाखवली; चाल तिला कुठून आठवली कोण जाणे. परवा ट्रंकेच्या तळाशी आणखी चार चोपड्या सापडल्या. दिवाळीनंतर घेऊन येते. एकीची टाचणी गंजून पानाला चिकटली आहे. काढून आणू, की तशीच राहू देऊ?

तुमची,
तंबूवाल्यांची नात