एचसी-05 म्हणून पाठवलेल्या बारा ब्लूटूथ मॉड्यूलबाबत तक्रार

दि. 20 जानेवारी 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : एचसी-05 ची ऑर्डर असताना फक्त स्लेव्ह म्हणून, म्हणजे दुसऱ्याने जोडून घेतले तरच चालणारी मॉड्यूल पाठवून परत घेण्यास नकार दिल्याबद्दल.

महोदय,

मी सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात माध्यमिक शाळेवर विज्ञान शिकवते. 2 जानेवारीला तुमच्या वेबसाइटवरून बारा एचसी-05 मॉड्यूल मागवली. एका नगाचे 325 रुपये, एकूण 3900. आमच्या शाळेला अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे सरकारी योजनेतली प्रयोगशाळा, नाही. हे पैसे नववीच्या मुलांनी आणि आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून उभे केले होते. पार्सल 8 तारखेला हातात आले.

एचसी-05च का हवे होते ते आधी सांगते, कारण तुमची उत्तरे वाचून तेच कुणी लक्षात घेतलेले दिसत नाही. मुलांच्या सहा गटांना टाकी भरल्याचा इशारा देणारे यंत्र करायचे होते. गच्चीवर टाकीच्या तोंडाशी पाण्याची पातळी मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि एक आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम चढवून चालवायचा छोटा बोर्ड), खाली मोटरपाशी दुसरा उनो आणि बझर. मध्ये वायर नको म्हणून ब्लूटूथ. दोन उनो आपापसात बोलायचे तर एका मॉड्यूलने मास्टर होऊन दुसऱ्याला जोडून घ्यावे लागते. एचसी-05 मास्टरही होते आणि स्लेव्हही. एचसी-06 हे दुसरे ब्लूटूथ मॉड्यूल मात्र फक्त स्लेव्ह. दोन एचसी-06 समोरासमोर ठेवली तर दोन्हींचे दिवे लुकलुकत राहतात आणि पुढे काहीच घडत नाही. आमच्या टेबलावर दोन दिवस हेच चालले होते.

तुम्ही पाठवलेल्या बोर्डांना एचसी-05 सारख्या सहा पिना आहेत, म्हणून आधी मी माझीच चूक शोधत बसले. मग भिंगातून पाहिले. कमांड मोडसाठी, म्हणजे मॉड्यूलचे सेटिंग बदलण्यासाठी, दाबायचे बारीक बटण बसवलेलेच नाही. त्या जागी नुसते कोरे पॅड चमकतात. बटण नाही तर नाही, म्हणून मॉड्यूलच्या 34 नंबरच्या पिनेला 3.3 व्होल्ट देऊन पॉवर चालू केली. एचसी-05 असते तर दिवा दोन-दोन सेकंदांनी सावकाश लागला असता आणि 38400 बॉड रेटला (डेटा पाठवण्याच्या वेगाला) एटी कमांडचे, म्हणजे सेटिंगच्या सूचनेचे, उत्तर आले असते. दिवा तसाच भराभर लुकलुकत राहिला, उत्तर आले नाही. शेवटी 9600 बॉडला, ओळीच्या शेवटी काहीही न जोडता व्हर्जन विचारले, तेव्हा संगणकाच्या पडद्यावर सिरियल मॉनिटरच्या खिडकीत ‘ओके लिनव्हॉर व्ही 1.8’ असे उमटले. हे एचसी-06 चे उत्तर आहे. बाराही नगांनी हेच दिले. स्क्रीनचे बारा फोटो मी 11 तारखेच्या तक्रारीसोबत पाठवले आहेत.

त्यावर तुमच्याकडून आलेले पहिले उत्तर : मोबाईलशी जोडले जाते, म्हणजे मॉड्यूल चांगले आहे. अहो, मोबाईलशी जोडले जाणारच! तिथे जोडून घेण्याचे काम मोबाईल करतो. आम्ही पैसे मोजले ते मॉड्यूलने स्वतः दुसऱ्याला जोडून घ्यावे यासाठी.

दुसरे उत्तर मला जास्त लागले. आरएक्स, म्हणजे डेटा आत घेणाऱ्या, पिनेला 5 व्होल्ट देऊन ग्राहकानेच मॉड्यूल जाळले असेल, असे त्यात लिहिले आहे. आमच्या प्रत्येक जोडणीत 1 किलोओहम आणि 2 किलोओहमचा, व्होल्टेज कमी करणारा व्होल्टेज डिव्हायडर आहे, आरएक्सवर 3.3 व्होल्टच पोचतात, आणि ते मुलांनी मल्टिमीटर लावून वहीत लिहून ठेवले आहे. उलट तुमच्याच पार्सलमधल्या कागदावर उनोची 1 नंबरची पिन सरळ आरएक्सला जोडलेली दाखवली आहे. तशी जोडणी केली तर 5 व्होल्ट थेट जातात, शिवाय उनोच्या 0 आणि 1 या पिना यूएसबीवरून संगणकाशी बोलायलाही वापरल्या जात असल्याने प्रोग्रॅम चढवताना अडथळा येतो. नवशिक्या मुलाच्या हाती हा कागद देऊ नका.

सील फोडल्याने परत घेता येणार नाही, हे तिसरे उत्तर. सील फोडल्याशिवाय आत काय आहे हे कळणार कसे? ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही.

17 तारखेला शाळेचे विज्ञान प्रदर्शन होऊन गेले. मुलांनी टाकीऐवजी बादली ठेवली आणि पाण्याची पातळी मोबाईलवर दाखवली. बझर सहाही टेबलांवर मुका पडून होता. परीक्षकांनी ‘दुसरा उनो कशासाठी?’ विचारले, तेव्हा एका मुलीने ‘आमचं मॉड्यूल बिघडलंय’ असे सांगितले. ते बिघडलेले नव्हते, वेगळेच होते, आणि ते तिला मी नंतर समजावले.

प्रत्येक जोडीत एक स्लेव्ह लागतेच, त्यामुळे सहा नग आम्ही ठेवून घेऊ. उरलेल्या सहांच्या बदल्यात बटण असलेली, मास्टर होणारी खरी एचसी-05 पाठवा, आणि ठेवलेल्या सहांच्या किमतीतला फरक परत करा. हे जमणार नसेल तर बाराही घेऊन जा आणि पाठवणीच्या खर्चासह 3900 रुपये द्या. वेबसाइटवर या मालाचे नावही बदला.

नियमाप्रमाणे या पत्राची पोच 48 तासांत आणि निकाल महिन्याभरात अपेक्षित आहे. तोवर काही झाले नाही तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन. बिल, फोटो आणि तुमची तिन्ही उत्तरे सोबत जोडली आहेत.

आपली,
विज्ञान शिक्षिका, इयत्ता नववी
जि. सांगली