पूजा, कूलर का पाठवत नाही ते वाच

अकोला,
११ मे

चि. पूजा हिस, अनेक आशीर्वाद.

परवा तू रागात फोन कट केलास. "सगळ्या अकोल्याच्या खिडक्यांना कूलर बसवता आणि पोरीला एक पाठवायचं तुमच्या जिवावर येतं," हे आईनंही ऐकलं, कारण स्पीकर चालू होता. तेव्हापासून घरात माझ्याशी कामापुरतंच बोललं जातंय. फोनवर मला धड सांगता येत नाही, समोर गिऱ्हाईक उभं असतं आणि सीझन ऐन भरात आहे, म्हणून रात्री दुकान बंद करून लिहायला बसलो. गोटू याचे फोटो काढून तुला पाठवील.

ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर तुला गरगरलं, बाकड्यावर बसून दोन गाड्या सोडल्यास आणि मग उठून ऑफिसला गेलीस, हे तू हसत हसत सांगितलंस. त्याबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही. आधी कूलरचं.

कूलरच्या बाजूंना लावलेल्या ताट्यांवरून पाणी उतरतं, पंखा बाहेरची हवा त्या ओल्या ताट्यांतून ओढतो, पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतं. एवढाच सगळा खेळ. अकोल्यात मेच्या दुपारी बाहेर ४३-४४ अंश असतं आणि हवेत ओल जेमतेम. ताट्या नव्या असल्या, कूलर खिडकीबाहेर नीट बसवला असला, की तोंडाशी पंधराएक अंशांचा उतार मिळतो. गिऱ्हाईक "भाऊ, एसी मारला तुम्ही" म्हणतं तेव्हा ते श्रेय माझं नसतं, इथल्या कोरड्या हवेचं असतं. तुझ्या कळव्यात हवा ३२-३३ची, पण खाडीशेजारची, पाण्यानं आधीच भरलेली. तिथं ताटीवरचं पाणी सुकतच नाही. चार अंश उतरले तरी पुष्कळ झाले, आणि तेवढ्यासाठी खोलीभर ओल. चादरी चिकट, कपाटातल्या कपड्यांना वास. समोरच्या काकूंच्या जावयानं हट्टानं माझ्याकडून एक कूलर डोंबिवलीला नेला होता. आता त्यात ते कांदे-बटाटे ठेवतात. तुला पाठवला असता तर ट्रॅव्हल्सच्या भाड्याचे पैसे वाया गेले असते, आणि तू मला सांगितलंही नसतंस. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

आपलं अंगसुद्धा कूलरच आहे. नुसता घाम येऊन भागत नाही, तो सुकला पाहिजे. म्हणून तुमच्याकडे ३३लाच जीव नकोसा होतो. आणि झोपेचं म्हणशील तर झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं तरी उतरावं लागतं. हातापायांच्या कातडीतून ती ऊब बाहेर जाते. जायला वाटच नसली की माणूस कूस बदलत राहतो, दोन-अडीचला कधीतरी डोळा लागतो आणि सहाला गजर. अशा आठ-दहा रात्री गेल्या की प्लॅटफॉर्मवर गरगरणारच.

बघ, लिहिणार नव्हतो.

तुमची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, हे भाडं ठरवताना तू "वर वारा छान येतो" असं सांगितलं होतंस. वारा येत असेल, पण डोक्यावर स्लॅब आहे. तो दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता खाली यायला कित्येक तास लागतात. म्हणजे बाहेर बरं वाटायला लागतं तेव्हा तुमचं छत तापलेलं असतं. रात्री अकराला छताला हात लावून बघ. हात पोचत नसेल तर स्टुलावर चढून बघ, पण पंखा बंद करून. पंखा मग ती छताजवळची गरम हवाच खाली ढकलत बसतो. तरी पंखा बंद करू नकोस. तुमच्याकडे रात्रीची हवा अंगापेक्षा थंडच असते, वारा लागला तर घाम सुकतो. इथं ४४च्या हवेत नुसता पंखा म्हणजे अंगावर गरम झोत, ते वेगळं.

आपल्या जुन्या घराची गच्ची तुला आठवते का? तू पाच-सहा वर्षांची असशील. दिवस मावळला की आजी बादल्या घेऊन वर जायची. पहिली बादली ओतली की फरशी चर्र वाजायची आणि गरम वास यायचा. दुसऱ्या-तिसऱ्या बादलीनंतर पाय ठेवता यायचा. तेव्हाही नळ रोज येत नव्हता, महान धरणाच्या पातळीवर आपलं सगळं अवलंबून, पण गच्चीचं पाणी आजीनं कधी मोजलं नाही. धुण्याचं पाणी ती दिवसभर साठवायची. मग गाद्या. बाजेवर आजी, बाकी सगळे खाली एका रांगेत, आणि कठड्याकडच्या जागेसाठी तुझी आणि सोनूची रोजची मारामारी. "पोट्टे हो, झोपा ना आता बाप्पा!" असं आजी ओरडायची आणि पाच मिनिटांत स्वतःच घोरायला लागायची. काका गच्चीवर यायचे नाहीत. त्यांना दालमिलच्या पाळीमुळे लवकर उठायचं असायचं, ते खाली पत्र्याच्या खोलीत झोपायचे. त्या वर्षी भारनियमन एवढं होतं की रात्री पंखासुद्धा फिरत नव्हता. मी म्हटलं, दादा, वर या. ते म्हणाले, "काही नाही रे, जरा गरगरते."

नको. तुला सगळं माहीत आहे. मी फक्त एवढंच म्हणतो की तो शब्द मी आपल्या घरात हसत हसत ऐकू शकत नाही.

हवामान खातं आता उष्ण रात्रीचाही इशारा देतं. दिवसाचं तापमान ४०च्या वर आणि रात्रीचं नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा जास्त चढलेलं, तर ती उष्ण रात्र. पूर्वी पेपरात दिवसाचाच आकडा छापून यायचा. २०१३च्या मेमध्ये नागपूर ४७.९वर गेलं तेव्हा सगळे तोच आकडा घोकत होते. दुकानात बसून मला जे दिसतं ते असं, की दुपार माणूस कशीबशी ढकलतो, पण रात्री शरीराला सुट्टी मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन कालच्या उन्हावर चढतं. म्हणून माझा रात्रीवर एवढा कटाक्ष आहे.

आता करायचं काय. घरमालकाला विचारून गच्चीवर, निदान तुमच्या खोलीवरच्या भागावर, चुना मारून घ्या. दोन हात. पांढऱ्यावर ऊन टिकत नाही, परत फिरतं. अहमदाबादेत २०१०च्या मेमध्ये उन्हानं फार माणसं गेली, मग २०१३ला तिथल्या महापालिकेनं उन्हाळ्यासाठी वेगळा आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग दिला. म्हणजे हे तुझ्या बापाचं खूळ नाही. मालक नाही म्हणाला तर मला फोन दे, मी बोलतो. बरं, नको, तूच बोल.

संध्याकाळी घरी आलात की टेबलफॅन खिडकीत बाहेर तोंड करून लावायचा आणि समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवायचं. आतली कोंडलेली हवा आधी बाहेर काढायची, मग झोपताना फॅन आत वळवायचा. तुम्ही खिडकी बंद करून झोपता हे मला आईकडून कळलं. समोरच्या जिन्यातून दिसतं, तिघी मुली, कारण समजतं मला. पण बंद खिडकी आणि तापलेला स्लॅब म्हणजे पत्र्याची खोलीच झाली. ग्रिल पक्कं आहे ना? मग आतून सुती पडदा लावा, खिडकीच्या खालच्या दोन तृतीयांशापर्यंत, वरचा भाग उघडा राहू दे. डासांना जाळी. सुतार बोलवा, पैसे मी देतो.

फोमची गादी उन्हाळाभर गुंडाळून ठेव. फोम पाठीची ऊब धरून ठेवतो. जमिनीवर चटई आणि त्यावर आजीच्या लुगड्याची वाकळ, जी तू "जुनाट दिसते" म्हणून इथंच ठेवून गेलीस. अमरावती एक्सप्रेसनं सोनू येतोय, त्याच्याकडे देतो. झोपण्याआधी अंघोळ कर, पण माठातल्या गार पाण्यानं नाही, साध्या नळाच्या पाण्यानं. एकदम गार पाण्यानं कातडी आखडते आणि आतली उष्णता आतच राहते. जेवण आठच्या आत. चहा रात्री दहाला पिणं बंद कर. मोबाइल...

हे मी काय करतोय? तू चोवीस वर्षांची आहेस, स्वतःच्या पगारावर तिथं राहतेस, गोटूची फी भरतेस, आणि मी तुला अंघोळ कशी करायची ते शिकवतोय. राग मानू नकोस. आपल्या घराण्यात मुंबईला जाऊन नोकरी करणारी तू पहिली. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी ते कूलर दाखवता दाखवता सांगतो. आई म्हणते, लोक कूलर न घेताच पळतील.

पण एक ऐकच. परत गरगरलं तर "काही नाही" म्हणून गाडीत चढायचं नाही. सावलीत बसायचं, मान आणि काखा ओल्या रुमालानं पुसायच्या, घोट घोट पाणी. लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा, हे घरी करून बाटलीत ने. डोकं दुखतंय, मळमळतंय एवढ्यावर असेल तर सुट्टी घेऊन घरी जायचं. आणि अंग भाजतंय, बोलणं असंबद्ध होतंय असं मैत्रिणींपैकी कुणाचंही दिसलं तर वाट बघायची नाही, १०८. काकांच्या वेळी आम्ही सकाळची वाट बघितली. तुझ्या मैत्रिणींना हे वाचायला दे. तुझ्यावर माझा भरवसा आहे, पण स्वतःची तब्येत सांगण्याच्या बाबतीत नाही.

आता मुख्य गोष्ट. एसी घे.

हो, मीच लिहितोय. आयुष्यभर एसीवाल्यांची टिंगल केली, पण एसी हवेतलं पाणी काढून घेतो, आणि कळव्यात नेमकं तेच हवंय. जसा आजार तसा इलाज. एक टनाचा, इन्व्हर्टरचा, पाच स्टारवाला. २०२०पासून नवे एसी चालू केले की आपोआप २४वर लागतात; तू २६-२७वर ठेव आणि वर पंखा हळू चालव. झोपेला तेवढं पुरतं आणि बिलही आवरतं. तिघींत वाटून घेतलं तर फार नाही. वायरिंग बघून घे, वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि अर्थिंग असल्याशिवाय बसवू देऊ नकोस. इथं दर उन्हाळ्यात कुणीतरी चालू कूलरच्या टाकीत हात घालून शॉक लागून जातं, म्हणून अर्थिंगच्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही.

पैसे मी उद्या तुझ्या खात्यात टाकतो. सीझनचे आहेत, कर्जाचे नाहीत. तू दर महिन्याला पाठवतेस त्यातले नाहीत, ते मी गोटूच्या नावानं पोस्टात ठेवतोय, हे तुला सांगायचं नव्हतं. परत पाठवलेस तर मी पुन्हा टाकीन, आणि बँकेतला तो साहेब आपल्या दोघांना वेडं समजेल. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे ते नऊ दिवस, २५ तारखेपासून आहे. तुमच्याकडे त्याचं काही नसतं, पण त्याच्या आत बसवून घे.

तुझे
बाबा

ता. क. आई म्हणते, चुन्याचं आणि पडद्याचं ठीक आहे, पण पोरगी नाश्ता न करता निघते ते यांनी लिहिलंच नाही. तर लिहिलं. सोनूबरोबर सातूचं पीठ आणि कैरीच्या पन्ह्याचा गर पाठवतेय. गर फ्रीजमध्ये ठेव, बाहेर ठेवलास तर दोन दिवसांत आंबेल.