आबांच्या कामाचा हिशेब

॥ राम कृष्ण हरि ॥

चि. अनिकेत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वारी करणाऱ्या माणसाने आमदाराचे काम कोणत्या मापाने मोजावे, आणि सभामंडपाला निधी देणाऱ्यालाच आपल्याकडे धार्मिक का म्हणतात, असे तू विचारले आहेस. पहिल्यांदाच एका उमेदवाराच्या प्रचाराला निघाला आहेस, म्हणून सविस्तर लिहितो, आणि त्यासाठी आर. आर. पाटील यांचे काम समोर घेतो. आबा आपल्या जिल्ह्याचे. 1990 पासून 2015 मध्ये निधन होईपर्यंत तासगावकरांनी त्यांना सलग सहा वेळा विधानसभेवर पाठवले. त्यांचा पक्ष आपल्या घराचा कधीच नव्हता, त्यामुळे मी त्यांची भलामण करतो आहे असे तुला वाटायचे कारण नाही.

ग्रामविकास मंत्री असताना त्यांनी 2000-01 मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. सरकारी योजनेला संताचे नाव देणे सोपे असते, परंतु येथे बाबांचा खराटाही गावाच्या हाती आला. आपल्या मारुतीच्या देवळामागे जो उकिरडा होता आणि ज्याच्याकडे पाठ करून आम्ही वर्षानुवर्षे हरिपाठ म्हणत होतो, तो काकड्यानंतर टाळकऱ्यांनीच फावडी घेऊन उपसला. ज्यांनी जन्मात गटारीला हात लावला नव्हता अशी बडी मंडळीही त्या दिवशी गुडघाभर घाणीत उभी होती. दिवसा गाव झाडून रात्री कीर्तनाला उभे राहणाऱ्या बाबांचा धर्म सरकारने इतक्या थेटपणे उचलून धरल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. पुढे 15 ऑगस्ट 2007 पासून आबांच्याच गृहखात्याने तंटामुक्त गाव मोहीम चालवली. बांधावरून भावाभावांत चाललेले दावे ग्रामसभेने निवडलेल्या समितीसमोर मिटावेत, हा तिचा हेतू होता. पुरस्कारांचा जोर ओसरला तशी ती मोहीम बऱ्याच ठिकाणी कागदावर उरली, तरी हेतू आपल्या परंपरेला धरून होता हे मान्य केले पाहिजे.

आता डान्सबारविषयी, कारण आबांचे नाव त्या एका कायद्याशी कायमचे जोडले गेले आहे. रायगड जिल्ह्यातील बारविषयीची लक्षवेधी सूचना 2005 च्या मार्चमध्ये विधानसभेत आली, आणि गृहमंत्री म्हणून आबांनी बंदीची घोषणा केली. जुलैमध्ये मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती झाली आणि ऑगस्टपासून ती अमलात आली. तरुण पोरे बापाच्या ऊसबिलाचे पैसे नाचणाऱ्या बाईवर उधळतात आणि घरी आईचे मंगळसूत्र गहाण पडते, हे आम्ही कीर्तनात सांगत होतो; पण ते थांबवणे हे राज्याचेही काम आहे, असे मंत्रालयात बसून म्हणायला धैर्य लागते. शील ही प्रत्येकाची खासगी बाब आहे, त्यात सरकारने पडू नये, असे तुझे मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या व्यसनाने कुटुंबे उद्ध्वस्त होतात त्याच्यापुढे राजाने डोळे मिटावेत, असे आपल्या संतांनी कोठेही सांगितलेले नाही.

परंतु अनिकेत, तो कायदा नीट लिहिला गेला नाही. परमिट रूम आणि बिअर बारमध्ये नाच बंद झाला. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना, तसेच क्लब आणि जिमखान्यांना मात्र सूट मिळाली. गरिबाच्या पोराने पाहिला तर पाप आणि श्रीमंताने पाहिला तर करमणूक, असा भेद धर्मात बसत नाही आणि संविधानातही बसला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 च्या एप्रिलमध्ये समानतेच्या आणि व्यवसाय-स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर ती दुरुस्ती रद्द केली, आणि 16 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला. मग 2014 च्या जूनमध्ये सूट काढून नवे विधेयक आले. ते सभागृहात चर्चेविना एकमताने मंजूर झाले. ज्या विषयावर आठ वर्षे न्यायालयात हार पत्करली, त्यावर एकाही सदस्याने उभे राहून बोलू नये, याचे मला आजही दुःख होते. पुढच्या वर्षी त्यालाही स्थगिती मिळाली. नंतरच्या सरकारने 2016 मध्ये वेगळा कायदा केला, त्याच्याही बऱ्याच अटी 2019 च्या जानेवारीत गळाल्या. पैसे उधळण्यावरची बंदी तेवढी टिकली.

याहून मोठी उणीव त्या बायकांच्या बाबतीत राहिली. बंदीमुळे पाऊण लाखाच्या आसपास मुली बेकार झाल्या, असा आकडा तेव्हा सांगितला जात असे. आकडा थोडा इकडेतिकडे असेल, पण त्यांना दुसरा उद्योग आणि त्यांच्या लेकरांना शाळा देण्याची धड व्यवस्था कायद्याबरोबर उभी राहिली नाही. भुकेल्यांना अन्न आणि बेघरांना आसरा हे गाडगेबाबांनी देवाच्या कामातच धरले होते. ज्या मंत्र्याने त्यांच्या नावाने गावे झाडून घेतली, त्याने इथे बाबांचा उपदेश अर्धाच पाळला.

खर्चाच्या बाजूला आणखी काही मांडावे लागते. 2007 मध्ये धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण आले, तेव्हा आबा त्याच सरकारात उपमुख्यमंत्री होते. बारमधला नाच बंद आणि ज्वारीची दारू करायला सरकारी पैसा, हे एका तोंडाने कसे बोलता येते? गोवंश हत्याबंदीचे विधेयक 1995 मध्ये विधिमंडळात मंजूर झाले होते, पण आबांच्या काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीच्या पंधरा वर्षांत ते मार्गी लागले नाही. राष्ट्रपतींची मंजुरी 2015 मध्ये मिळाली. मंत्रिमंडळात जे झाले नाही त्याचाही वाटा प्रत्येक मंत्र्याकडे जातो, असे मी मानतो.

त्याच आघाडी सरकारच्या जादूटोणाविरोधी कायद्याबद्दल मात्र आपल्यातल्या काही जणांइतका राग माझ्या मनात नाही. आधीच्या मसुद्याला वारकऱ्यांनी विरोध केला तो योग्यच होता, आणि त्यामुळेच 2013 च्या कायद्यात यात्रा, प्रदक्षिणा, हरिकीर्तन, प्रवचन आणि भजन यांना तो लागू नाही, असे स्पष्ट लिहिले गेले. नरबळी देणाऱ्या भोंदूला शिक्षा झाली तर विठ्ठलाचे काय बिघडते?

2008 च्या मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर, मोठ्या शहरात अशा छोट्या घटना होतच असतात, अशा अर्थाचे एक वाक्य आबांच्या तोंडून निघाले आणि त्यांना पद सोडावे लागले. ते योग्यच झाले. पण त्या एका वाक्यावर पंचवीस वर्षांची आमदारकी तोलणे मला अन्यायाचे वाटते.

तेव्हा तुझा उमेदवार देवळाच्या पायरीवर डोके टेकवताना दिसला म्हणून भुलू नकोस. तो आधी निवडून आला असेल तर सभागृहात कोणत्या विधेयकावर काय बोलला, हे विधिमंडळाच्या छापील कार्यवाहीत शोधून काढ. आणि दारूचे दुकान बंद करण्याच्या ठरावाला तो पाठिंबा देणार असेल, तर त्या दुकानावर ज्यांचे पोट आहे त्यांना तो दुसरे काय काम देणार आहे, ते त्याला समोरासमोर विचार आणि त्याचे उत्तर मला कळव.

तुझे,
बाबा