टेमर खोऱ्यात गाडी घेऊन जाताना

संपादक महोदय,

परदेशात स्वतः गाडी चालवत फिरण्याविषयी हल्ली बरेच छापून येते. मात्र ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच्या टेमरसारख्या वाईन खोऱ्यांचा विषय निघाला की मजकूर द्राक्षमळ्यांच्या फोटोंपुढे सरकत नाही.

गाडी तिथेही डावीकडूनच चालते, त्यामुळे गोंयकाराला हात बसवावा लागत नाही. आपला परवाना इंग्रजीत असला तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवावा. अर्ज ४-अ, शुल्क १,००० रुपये, मुदत १ वर्ष.

घोळ होतो तो मळ्यांवर वाईन चाखण्यात. आपल्याकडे १०० मिलि रक्तात ३० मिग्रॅ अल्कोहोलची मर्यादा, तिथे ५०. ही सूट वाटते, पण तिथले पोलीस काहीही चूक नसताना कोणालाही थांबवून अल्कोहोल मोजणाऱ्या यंत्रात फुंकायला लावतात. चवीचा घोट ३० मिलिचा धरा. पाच प्रकार म्हणजे १५० मिलि, १३ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल. शरीर तासाला ७ ते १० ग्रॅम निपटते, म्हणजे लागोपाठ तीन ठिकाणी चाखले की चालक हद्दीबाहेर गेलाच समजा. कॉफीने काही उतरत नाही. काउंटरवरचे भांडे थुंकण्यासाठीच असते; तिथे ते असभ्य नाही. त्याहून बरे म्हणजे चालकाने ग्लासाला हातच लावू नये.

लॉन्सेस्टन शहरातून ए७ महामार्गाने उत्तरेला जावे, टेमर नदीवरचा बॅटमन पूल ओलांडून पायपर्स रिव्हर या वाईनच्या भागाकडे वळावे आणि पूर्व काठाच्या ए८ ने परतावे. जेवणाआधी दोन मळे, नंतर एक, बस्स. आपली सुट्टी मे महिन्यात, आणि तेव्हा तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. मग वॉलबी (कांगारूचे छोटे भाऊबंद) रस्त्याकडेच्या गवतावर चरायला येतात. समोर आलीच तर सरळ रेषेत ब्रेक दाबावा. स्टिअरिंग फिरवले की गाडी झाडावर जाते. भाड्याच्या करारात रात्री जनावराला बसलेली धडक किंवा कच्च्या रस्त्यावरचे नुकसान विम्याबाहेर असू शकते. सही करण्याआधी ते कलम वाचावे.

आपल्या गोड पोर्टची सवय असलेल्या जिभेला तिथली वाईन आधी आंबट लागेल. तिथल्या थंड हवेत द्राक्ष सावकाश पिकते, आम्लता टिकते. आधी स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), मग रीसलिंग (पांढरी) आणि शेवटी पिनो न्वार (लाल), असा क्रम ठेवावा. भारतात परतताना माणशी २ लिटरपर्यंत दारूवर सीमाशुल्क नाही. ७५० मिलिच्या दोन बाटल्या त्यात बसतात, तिसरी नाही.

आणि मेलबर्नहून लॉन्सेस्टनला उतरण्याआधी पिशवीतले सफरचंद खाऊन टाकावे. बाहेरची फळे टास्मानियात नेता येत नाहीत, आणि विमानतळावर सामान हुंगणारे कुत्रे असतात.

— एक वाचक, फोंडा